फ्रीजमध्ये पावसाच्या सात बाटल्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज फिरला. पाऊस लागला की दरवर्षी फिरतो. "सावधान, अमुक तारखेपासून ॲसिड रेन पडणार आहे, अंगावर घेऊ नका, कॅन्सर होतो, केस गळतात, परदेशी शास्त्रज्ञांनी सांगितलंय, दहा जणांना पाठवा." खाली पंधरा जणांचे हात जोडलेले. मी एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब असिस्टंट आहे, सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे असलं काही आलं की सगळे मला टॅग करतात. मी नेहमीचं उत्तर टाकलं की बाबांनो असं काही नसतं, पावसाने कातडी जळत नाही, तुम्ही घरी जे लिंबू सरबत पिता ते बहुतेक ॲसिड रेनच्या शंभरपट तरी ॲसिडिक असतं, निवांत भिजा.

तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाली लिहिलं, "मग रात्री जो वास येतो तो कसला असतो गं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, कापायचं तर कापा पण आकडे कापू नका.

आधी मी कुठे राहते ते सांगते म्हणजे विषय कळेल. कोपरखैरणे. पूर्वेला ठाणे-बेलापूर रोड ओलांडला की एमआयडीसीचा पट्टा, केमिकलच्या कंपन्या. पश्चिमेला खाडी, आणि खाडीपलीकडे नैऋत्येला, सरळ रेषेत पंधराएक किलोमीटरवर, माहुल-तुर्भे (मुंबईतलं ट्रॉम्बे म्हणतात ते, आमचं तुर्भे वेगळं, पोस्टमनसुद्धा गोंधळतात). तिथे दोन रिफायनऱ्या, १९५४-५५ पासूनच्या. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणजे पलीकडची हवा आपल्याकडे. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे एमआयडीसीकडून आपल्यावर. थोडक्यात बारा महिने कुणाचं ना कुणाचं तरी आमच्या खिडकीत येतं, आणि नक्की कुणाचं ते मला माहीत नाही, म्हणून मी कुठल्याही कंपनीचं नाव घेणार नाही. माझी तक्रार कंपनीबद्दल नाहीच मुळी, ती न मोजण्याबद्दल आहे.

माझं माहेर चेंबूरचं, वाशी नाक्याजवळ. लहानपणी रात्री गच्चीतून माहुलच्या दिशेला आकाश नारिंगी दिसायचं, आम्ही भावंडं त्याला होळी म्हणायचो, "आज होळी मोठी आहे" असं म्हणून झोपायला जायचो. ती फ्लेअर असते, रिफायनरीच्या युनिटमध्ये प्रेशर वाढलं किंवा काही बंद पडलं की गॅस तसाच हवेत सोडण्यापेक्षा जाळून टाकतात, सेफ्टीसाठी ते बरोबरच आहे, पण त्या गॅसमध्ये गंधक असलं तर जळून त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो हे मला कळलं ते बीएस्सीला. चेंबूरला तेव्हापासून गॅस चेंबर म्हणतात, ते नाव गमतीत पडलेलं नाही.

आता घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या देवघरात चांदीची दोन निरांजनं आहेत, सासूबाईंनी दिलेली. माझ्या जावेकडे, ती सातारला असते, तसलीच दोन आहेत, एकाच सोनाराकडची. ती दिवाळीला एकदा घासते. माझी पंधरा दिवसांत काळी पडतात, आणि नुसती मळकट नाही, आधी कडेने पिवळसर, मग निळसर झाक आणि मग काळी. चांदी काळी पडते ती हायड्रोजन सल्फाइडने, सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस तो, चांदीचा सल्फाइड होतो. एसीवाला मुलगा दर दोन वर्षांनी कॉईल बदलून देतो आणि दरवेळी म्हणतो, "मॅडम इकडे गॅसने कॉईल सडतात, तांबं टिकत नाही." आता यातलं थोडं खाडीच्या चिखलाचं असणार, तिथूनही हाच गॅस निघतो, थोडं नाल्याचं, थोडं खाऱ्या हवेचं, हे मला मान्य आहे. पण नक्की किती कुणाचं? हाच तर प्रश्न आहे.

एका रात्री, एक चाळीसला, मी घड्याळ बघितलं होतं, वास इतका आला की आमचे हे खोकत उठले. कांदा सडल्यासारखा, त्यात काहीतरी गोडसर. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, घामाने भिजलो. एका सरकारी कार्यालयाचा तक्रारीचा नंबर होता तो लावला. पलीकडचा माणूस झोपेत होता पण सभ्य होता बिचारा. विचारलं, "कसला वास येतोय मॅडम?" मी म्हटलं तेच तर तुम्ही सांगायचंय. टीम आली दुसऱ्या दिवशी साडेअकराला. दोघंजण. गच्चीवर गेले, नाकाने हवा ओढली, खरंच नाकाने, हातात काही नव्हतं, आणि म्हणाले, "आता तर काही येत नाहीये." मी चहा दिला. फॉर्मवर सही घेतली, त्यावर लिहिलेलं होतं 'पाहणी केली असता दुर्गंधी आढळली नाही.' खोटं नव्हतं ते. साडेअकराला खरंच नव्हती.

बरं, तुम्ही म्हणाल हवा मोजणारी स्टेशनं आहेत की. आहेत. ऐरोली, महापे, नेरूळ इथे ऑटोमॅटिक आहेत, आकडे केंद्राच्या साइटवर येतात, मोबाइलवर समीर नावाचं ॲप पण आहे, मी रोज बघते. पण त्यातला एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा जो एक आकडा असतो, तो काय ते बघा. आठ गोष्टींवरून काढतात: दोन प्रकारची धूळ म्हणजे पीएम १० आणि पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. यात हायड्रोजन सल्फाइड नाही. मरकॅप्टन नाही, म्हणजे गंधकाचंच एक संयुग, ज्याचा सडक्या कांद्यासारखा वास येतो आणि जे नाकाला अब्जातल्या काही भागांइतकंही कळतं. बेंझीनही एक्यूआयमध्ये नाही, त्याचं वेगळं मानक आहे, वर्षाच्या सरासरीला एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे रात्री दीडला अख्खं सेक्टर नाकाला ओढणी लावून बसलेलं असताना ॲप हिरवं दाखवू शकतं आणि ॲपही खोटं बोलत नसतं.

आणि जे मोजलं जातं, सल्फर डायऑक्साइड, त्याची मर्यादा २००९ च्या मानकांप्रमाणे २४ तासांच्या सरासरीला ८० मायक्रोग्रॅम. आता हिशेब करा, मी मुलांना फळ्यावर करून दाखवते. समजा रात्री तीन तास ३०० आहे आणि उरलेले एकवीस तास २०. नऊशे अधिक चारशे वीस, भागिले चोवीस, आले ५५. पास! दम्याच्या पेशंटला ३०० वर दहा मिनिटांतसुद्धा त्रास होऊ शकतो, तो २४ तासांची सरासरी श्वासात घेत नाही. (जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ ला हीच २४ तासांची मर्यादा ४० सांगितली आहे, त्या हिशेबात ५५ नापास.) साइटवर तासातासाचे आकडे असतात हो, पण ते शोधून काढायला माझ्यासारखी रिकामटेकडी बाई लागते.

आता पाऊस. काकूंच्या प्रश्नानंतर डोक्यात किडा वळवळला. ॲसिड रेन हा शब्द काही व्हॉट्सॲपवाल्यांनी काढलेला नाही, रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या केमिस्टने १८७२ मध्ये वापरला, मँचेस्टरच्या कोळशाच्या धुरातला पाऊस तपासून. गणित सोपं आहे, हवेतला सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड ओलाव्यात मिसळून त्यांची सल्फ्युरिक आणि नायट्रिक ॲसिडं होतात आणि पावसाबरोबर खाली येतात. पीएच म्हणजे ॲसिड किती ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे न्यूट्रल. स्वच्छ पावसाचाही पीएच ७ नसतो बरं का, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असतो, त्याच्या खाली गेला की ॲसिडिक म्हणायचा. आणि पीएचचं माप असं की एक आकडा खाली म्हणजे दहापट ॲसिडिक, दोन खाली म्हणजे शंभरपट. मुलं दरवर्षी इथेच मार्क घालवतात.

मी गच्चीवर टाकीच्या वर, कठड्याचे शिंतोडे येणार नाहीत इतक्या उंच, प्लास्टिकचं पातेलं बांधलं, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन. पाऊस सुरू झाला की झाकण काढायचं, थांबला की लावायचं, नाहीतर कोरडी धूळ पडून सगळा घोटाळा होतो. वॉचमन काका आधी माझ्याकडे करणी करणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघायचे, आता तेच झाकण काढतात, "मॅडम आज रात्री दोन वाजता काढलं" असं सांगतात. जूनचं पहिलं पाणी घेतलं तर पीएचची पट्टी (रंग बदलणारा कागद) हिरवट, म्हणजे जवळजवळ न्यूट्रल. ऑगस्टमध्ये चार दिवस सलग पडला, चौथ्या दिवशीच्या पाण्यात पट्टी पिवळीकडे झुकली, पाचच्या जवळ. मला आधी वाटलं माझंच चुकलं. मग आठवलं की उलटं नाही, हेच होणार. आपल्याकडची धूळ चुनखडीची, अल्कली, ती ॲसिड मारते, म्हणून भारतात बरीच वर्षं म्हणायचे की आपल्याकडे ॲसिड रेनचा मोठा प्रश्न नाही. पहिल्या पावसात ती धूळ भरपूर असते, चार दिवस धुऊन गेली की ॲसिडला अडवायला कुणी उरत नाही.

पण संपादक महाशय, माझा हा 'पाच' कृपया आकडा म्हणून छापू नका. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, अशा पाण्यावर पट्टी धड चालत नाही, स्वतःचाच रंग दाखवते, चांगल्या मीटरलाही स्थिर व्हायला वेळ लागतो. आणि नुसता पीएच कळून उपयोगही नाही, त्यात सल्फेट किती, नायट्रेट किती, समुद्राचं मीठ किती हे आयन क्रोमॅटोग्राफवर बघावं लागतं, मग अंदाज येतो की हे ॲसिड गंधकाचं की गाड्यांच्या धुराचं. ते मशीन आमच्या कॉलेजकडे नाही. आमच्याकडे ब्युरेटचे नळ बदलायलाही वर्ष लागतं.

हवामान खात्याकडे पावसाचं पाणी तपासायची पद्धत कित्येक वर्षांची आहे, देशभर दहाएक ठिकाणी नमुने घेतात, महाराष्ट्रातली दोन म्हणजे पुणे आणि नागपूर. चांगलंच आहे, पण ती केंद्रं मुद्दाम मोकळ्या हवेचा पाया कळावा म्हणून आहेत, कारखान्याच्या कुशीतली नव्हेत. पुण्यात पडलेला पाऊस कोपरखैरण्याच्या वासाबद्दल काय सांगणार.

आणि मोजलं की काय होतं ते माहुलने दाखवलंय. तिथले कोळी बांधव आणि आंबापाड्याचे लोक वर्षानुवर्षं म्हणत होते की डोळे चुरचुरतात, छाती भरते. लोक म्हणायचे तुम्हाला सवय नाही, तुम्ही विड्या ओढता. मग २०१३ मध्ये केईएम हॉस्पिटलने घरोघरी सर्व्हे केला. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती, ८६.६ टक्क्यांचे डोळे चुरचुरत होते, ८४.५ टक्क्यांना छातीत घुसमटल्यासारखं होत होतं. त्या आकड्यांवर हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे हे मान्य केलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये दोन तेल कंपन्या आणि दोन टाक्यांवाल्या कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई लावली. बाकी मधल्या काळात त्याच माहुलमध्ये तानसा पाइपलाइनजवळच्या झोपड्यांमधल्या लोकांना नेऊन बसवलं हा वेगळाच विनोद, त्यासाठी हायकोर्टाला २०१९ मध्ये सांगावं लागलं की आता आणखी कुणाला पाठवू नका आणि जे आहेत त्यांना महिना १५,००० भाडं द्या. असो. मुद्दा एवढाच की तक्रार तीच होती, डोळे तेच होते, फरक पडला तो टक्केवारीने.

मी रिफायनरीच्या विरोधात आहे असं कृपया कुणी समजू नये, माझा गॅस तिथूनच येतो, स्कूटीतलं पेट्रोल पण. आणि जे चांगलं झालंय ते सांगायलाच हवं. नव्वदीच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक असायचं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकाचं इंधन आलं, आता १० पीपीएम, म्हणजे ०.००१ टक्का. हजारपट कमी! वाशीच्या एपीएमसीत उभ्या ट्रकमागे आता पूर्वीसारखा जीव जात नाही. जहाजांच्या तेलातलंही त्याच वर्षी ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणलं.

पण मी लॅबवाली बाई, माझ्या डोक्यात लगेच येतं की मग ते गंधक गेलं कुठे? नाहीसं तर होत नाही. आखाती क्रूडच्या (कच्च्या तेलाच्या) शंभर किलोत दोन-तीन किलोपर्यंत गंधक असू शकतं. पूर्वी ते डिझेलमधून देशभर सगळ्या रस्त्यांवर थोडं थोडं उधळलं जायचं, आता ते रिफायनरीच्या आतच काढतात, हायड्रोजन सल्फाइड करून, आणि सल्फर रिकव्हरी युनिटमध्ये त्याचा पिवळा गंधक बनवून खतवाल्यांना विकतात. उत्तम. पण याचा अर्थ असा की देशभराचं गंधक आता एका कुंपणाच्या आत गोळा होतं, आणि ते युनिट नीट चाललं तर शंभरातलं नव्याण्णवच्या वर पकडलं जातं, पण एखाद्या रात्री ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, तर तो गॅस फ्लेअरला जातो, आणि जळून पुन्हा सल्फर डायऑक्साइड. म्हणजे शहरातली हवा सुधारली तशी शेजाऱ्यांची हवा त्या एका युनिटच्या तब्येतीवर जास्त अवलंबून राहायला लागली. आमची लहानपणची होळी आता जास्त महत्त्वाची झाली आहे, आणि ती किती वाजता, किती वेळ पेटली हे कुंपणाबाहेरच्या माणसाला कळायची सोय नाही.

माझे दीर राजापूरचे. तिकडे रिफायनरी आणायची म्हणून आधी नाणार झालं, ते २०१९ मध्ये रद्द झालं, मग बारसू. तिकडचे नातेवाईक फोनवर विचारतात, "वहिनी, तुम्ही तिथे राहिलायत, खरं सांगा, काय होतं?" मी काय सांगू? पट्टी पिवळी झाली हे सांगू? ७० वर्षं रिफायनरीच्या वाऱ्यात राहिलेल्या शहराकडे सांगण्यासारखा पावसाचा एक सलग तक्ता असायला नको होता का?

ताजमहालच्या बाबतीत हे सगळं झालंय. मथुरेची रिफायनरी १९८२ ला सुरू झाली, ताजपासून चाळीसेक किलोमीटर, संगमरवर पिवळा पडतोय म्हणून केस झाली, सुप्रीम कोर्टाने ३० डिसेंबर १९९६ ला निकाल दिला, १०,४०० चौरस किलोमीटरचा पट्टा आखलेला आहे, त्यात कोण काय जाळतो यावर नजर. आमच्याकडे ताज नाही, आमच्याकडे फ्लेमिंगो आहेत आणि त्यांचे पुतळे आहेत.

तर महापालिकेला आणि प्रदूषणवाल्यांना माझं मागणं फार नाही. स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये आपण देशात तिसरे आलो, शहराला पैशाची अगदीच चणचण आहे असं नाही. पावसाळ्याचे चार महिने वाशी, कोपरखैरणे, महापे आणि पलीकडे माहुल इथे आपोआप उघडझाप होणारे पावसाचे कलेक्टर बसवा, पाणी एखाद्या चांगल्या लॅबला द्या, आकडे दर आठवड्याला टाका. सल्फर डायऑक्साइडचा चोवीस तासांच्या सरासरीबरोबर दिवसातला सगळ्यात वाईट तास पण चौकातल्या बोर्डावर दाखवा, सोबत हायड्रोजन सल्फाइड आणि बेंझीन. फ्लेअर पेटली की कंपनीने वेळ जाहीर करावी. आणि रात्रीची एक गाडी ठेवा, मशीन घेऊन, जी फोन आल्यावर अर्ध्या तासात येईल. साडेअकराला नाही. आकडे चांगले आले तर मी स्वतः ग्रुपवर टाकीन आणि काकूंना सांगेन की खाडीचा चिखल आहे, झोपा.

नाहीतर सध्या चाललंय ते उलट्या दिशेने. औष्णिक वीज केंद्रांनी चिमणीतला सल्फर डायऑक्साइड धुवायची यंत्रं बसवावीत हा नियम डिसेंबर २०१५ चा, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली.

माझ्याकडे या पावसाळ्याच्या सात बाटल्या आहेत, फ्रीजच्या दारात, प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली. कुठल्याही लॅबला हव्या असतील तर तुमच्या कार्यालयाकडून निरोप द्या, मी आणून देईन, रिक्षाभाडं पण माझं. जरा लवकर सांगा मात्र, कारण रविवारी पुतण्या आला होता आणि आठवी बाटली त्याने लिंबू सरबत समजून पिऊन टाकली, वर म्हणतो, "काकू, साखर-लिंबू दोन्ही विसरलात."

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई